पाणी जातं कुठे?

‘वीकेण्डचा काय प्लॅन?’ या प्रश्नाला आमच्या ऑफिसच्या ग्रुपची उत्तरं ठरलेली आहेत. अलिबाग, कर्जत, लोणावळा. आणि सुट्ट्या जुळल्याच नाहीत तर कुणाच्या तरी घरी पिझ्झा आणि पिक्चर. मी मात्र मेच्या शेवटच्या रविवारी एका गटाराच्या मागे मागे गेले. होय, गटाराच्या! ग्रुप हसला. तुम्हीही हसा खुशाल. पण त्या एका दिवसात मला माझी मुंबई जितकी दिसली, तितकी जन्मापासून इथे राहूनही दिसली नव्हती.

याला कारण आई.

आई परळला राहते. हिंदमाताच्या मागच्या एका गल्लीत, चाळीतल्या तळमजल्यावरच्या खोलीत. लग्न होऊन ती तिथेच आली, मी तिथेच वाढले, बाबा गेले तेही तिथूनच. मी आणि नवरा तिथून पायी बारा मिनिटांवर, थोड्या चढावर, एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर राहतो. दोन पगार आणि वीस वर्षांचं कर्ज, असा टिपिकल संसार. दर मेच्या अखेरीस मी खाली उतरून आईकडे जाते आणि आमचा ठरलेला कार्यक्रम होतो. फ्रिज चार विटांवर चढवायचा. रेशनकार्ड, पासबुक, बाबांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकायचे. तांदळाचा डबा ओट्यावर, गाद्या कॉटवर.

दाराच्या चौकटीवर दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या रेघा आहेत. डावीकडे माझी उंची, दर वाढदिवसाची. उजवीकडे पाण्याची. पाण्याची सगळ्यात वरची रेघ २९ ऑगस्ट २०१७ ची. मी दोन वर्षांची असताना जेवढी होते, साधारण तेवढी!

यंदा एका एजंटने खोलीसाठी गिऱ्हाईक आणलं. पागडीची खोली, पण पैसे बरे मिळत होते. त्यात डोंबिवलीला वन आरके येईल. तिसरा मजला, कोरडा ठणठणीत. अट एकच, एक जूनच्या आत हो की नाही ते सांगायचं. मी मनातल्या मनात हो म्हणूनही टाकलं होतं. आईने शांतपणे भाजी निवडत विचारलं, ‘विकायची तर विकू. पण मला आधी एक सांग. पाणी येतं ते कळतं, पावसाचं असतं. पण मग ते जातं कुठे? आणि जायला एवढा वेळ का लावतं? तू एवढी शिकलीस, सांग की.’

एमबीए केलेल्या मुलीची बोलती बंद. सांगणार काय? मलाही माहीत नव्हतं.

बशीच्या तळाशी

रविवार पौर्णिमेचा होता. पहाटे पाचला मी हिंदमाता चौकात उभी होते. दिवसा इथे साड्या आणि ड्रेस मटेरियल घेणाऱ्यांची झुंबड असते. त्या वेळी मात्र फक्त एक चहावाला आणि दोन कुत्री. चित्रपटगृहावरून पडलेलं हे नाव आता पावसाळ्याच्या बातम्यांचं कायमचं गिऱ्हाईक झालंय. टीव्हीवर ‘हिंदमाता’ असं दिसलं, की ऑफिसातले लोक घड्याळाकडे बघून बॅगा भरायला लागतात.

रिकाम्या चौकात उभं राहिलं की एक गोष्ट दिसते, जी गर्दीत दिसत नाही. इथे येणारा प्रत्येक रस्ता किंचित उतरत येतो. दादरकडून उतार, परळकडून उतार. चौक म्हणजे बशीचा तळ.

ही बशी आली कुठून? सात बेटांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते, पण ती परीक्षेपुरती. खरं म्हणजे बेटांच्या मधली जमीन ही जमीन नव्हतीच. भरतीला समुद्र आत यायचा, ओहोटीला चिखल उरायचा. १७८४ च्या सुमारास महालक्ष्मी आणि वरळीच्या मधलं खिंडार हॉर्नबी व्हेलार्डने बुजवलं आणि आतल्या सखल भागात शिरणारं समुद्राचं पाणी थांबलं. मग भर पडत गेली, गिरण्या आल्या, चाळी आल्या. नावं मात्र तशीच राहिली. उमरखाडी. पायधुणी, म्हणजे खाडी ओलांडून आलेल्यांनी पाय धुवायची जागा. भर घालून जमीन झाली खरी, पण उंची थोडीच आली? बेटं उंच राहिली, मधला भाग खोलगट.

हिंदमातावर उपाय झालेच नाहीत असं नाही. दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली भल्यामोठ्या टाक्या बांधल्या आहेत. भरतीच्या वेळी चौकातलं पाणी पंपाने तिथे न्यायचं, ओहोटी लागली की सोडून द्यायचं. आयडिया सॉलिड आहे, आणि पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं हे आईही मान्य करते. दुसरा उपाय म्हणजे हिंदमाता आणि परळ या दोन उड्डाणपुलांच्या मधला रस्ताच उंच करून ते एकमेकांना जोडले. आता गाड्या अडकत नाहीत, वरून निघून जातात. मीही कॅबमधून कितीदा तशीच गेलेय. खाली गल्लीत राहणारे खालीच असतात, एवढंच.

जाळीवर वाकून मी कान दिला. खालून पाण्याचा आवाज येत होता. पाऊस नाही, नळाला पाणी यायची वेळ नाही, तरी खाली काहीतरी वाहत होतं. म्हटलं, चला याच्या मागे.

उदंचन म्हणजे काय रे भाऊ?

हिंदमाताचं पाणी पश्चिमेच्या समुद्राला जात असेल असा माझा समज होता. जवळच तर आहे दादरची चौपाटी! चूक. ते जातं पूर्वेला, परळ-लालबागच्या पोटातून थेट रे रोडला. टॅक्सी करून मी सहाला तिथे पोचले. एका बाजूला दारूखाना, जुन्या जहाजांचे सुटे केलेले पत्रे, गंजाचा वास. पुढे चिखल आणि खाडी. सूर्य नुकता वर येत होता आणि ओहोटी तळाला गेलेली.

इथे ब्रिटानिया पम्पिंग स्टेशन आहे. महापालिकेच्या मराठीत ‘उदंचन केंद्र’. (उदंचन म्हणजे पम्पिंग. ऑफिसात एकालाही सांगता आलं नाही!) आत सोडत नाहीत, पण बाहेरच्या वॉचमनकाकांना बोलायला माणूस हवाच होता.

‘सोपं आहे,’ ते म्हणाले. ‘समुद्र खाली असला की दरवाजे उघडे, पाणी आपलं आपण जातं. समुद्र वर आला की दरवाजे बंद. नाहीतर तोच आत येईल. मग आतलं पाणी पंपाने उचलून पलीकडे टाकायचं.’

आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. पावसाचं पाणी गटारातून समुद्राला जातं ते केवळ उतारामुळे. आणि ज्या तोंडातून ते समुद्रात पडतं, तेच तोंड भरतीला समुद्राच्या पाण्याखाली जातं. मुंबईत अशी १८६ तोंडं आहेत. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली. १३५ सरासरीच्या वर पण भरतीच्या खाली. भरतीच्या वर म्हणाल तर अवघी सहा! म्हणजे दिवसातून दोनदा, काही तास, शहराची मोरी तुंबलेलीच असते. त्याच वेळी ढगफुटी झाली तर पाणी जाणार कुठे? ते आईच्या खोलीत येऊन बसतं आणि समुद्र खाली जायची वाट बघतं.

हे सगळं पहिल्यांदा कळलं २००५ मध्ये असंही नाही. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा जाडजूड अहवाल आला. त्यात पंपांची केंद्रं होती, नाले रुंद करणं होतं, सगळं होतं. मग तो कपाटात गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला (कुलाब्यात त्याच दिवशी ७४ च्या आसपास, ही मुंबईची गंमत), तेव्हा कपाट उघडलं. माधवराव चितळे समितीने पुढच्या वर्षी काय काय चुकलं ते लिहून दिलं. ठरलेल्या आठ केंद्रांपैकी हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा एकेक करून उभी राहिली. मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षं रखडली.

इथला एक पंप सेकंदाला ६००० लिटर पाणी उचलतो. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर दोन सेकंदांच्या आत खलास! पण पंपाआधी जाळी असते आणि जाळीत काय अडकतं ते काकांनी बोटांवर मोजून दाखवलं. थर्माकोल, चपला, बाटल्या, गाद्या. एकदा एक अख्खा सोफा. ‘पंपाला पाणी चालतं, मॅडम. सोफा कसा चालणार?’

मी कठड्यावरून खाली बघितलं. कोरडा ठणठणीत मे महिना, आणि तरी नाल्यातून काळं, फेसाळ पाणी खाडीत पडत होतं. पाऊस नाही, मग हे पाणी कसलं? ‘कसलं म्हणजे?’ काका म्हणाले. ‘आपलंच!’

शेजारी शेजारी

लालबागला मिसळ खाल्ली (भटकंती कुठलीही असो, मिसळ मस्ट!) आणि वरळी गाठली. अॅनी बेझंट रोडवर लव्हग्रोव्ह. केवढं रोमँटिक नाव, आणि वास? काच वर करून आपण सगळेच तिथून जातो. पण इथे थांबल्याशिवाय पाण्याची गोष्ट कळत नाही, कारण इथे दोन वेगवेगळी पाणी शेजारी शेजारी राहतात.

एक मैल्याचं पाणी. आपल्या बाथरूममधून निघतं, मलवाहिन्यांतून येतं. लव्हग्रोव्हला ते उपसण्याची व्यवस्था एकोणिसाव्या शतकापासून आहे. ते चाळून, थोडंफार साफ करून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून समुद्रात आत सोडलं जातं. दुसरं पावसाचं पाणी. ते पर्जन्यवाहिन्यांतून येतं आणि दहा पंपांच्या दुसऱ्या केंद्रातून किनाऱ्यालगतच समुद्रात पडतं. त्यावर कुठलीही प्रक्रिया नाही. का? कारण पावसाचं पाणी स्वच्छ असतं, अशी समजूत. ढगातून पडताना ते असतंही बहुधा.

पण रस्त्यावरच्या जाळीतून खाली जातं ते काय? गाडी धुतलेलं साबणपाणी. गॅरेजचं ऑइल. हॉटेलच्या मोरीतलं तूप. ज्या वस्त्यांना मलवाहिनीच कधी मिळाली नाही, त्यांचं सगळंच. सकाळी ब्रिटानियाला पाहिलेलं काळं पाणी ते हेच. आणि मग जूनचा पहिला मोठा पाऊस येतो. आपण फेसबुक-इन्स्टावर मातीच्या वासाबद्दल लिहितो, आणि आठ महिने रस्त्यावर साठलेली धूळ, टायरची भुकटी, तेल, प्लॅस्टिक, नाल्यातला गाळ सगळं एका दमात समुद्रात जातं. पावसाळ्यातला सगळ्यात घाण पाऊस कुठला, तर आपल्याला सगळ्यात आवडणारा पहिला.

सुधारणा होतेय, नाही असं नाही. २०२३ च्या जानेवारीत सात नव्या मलप्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, मालाड, वर्सोवा. सातही मिळून दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर पाणी साफ करायची योजना आहे, त्यातलं एकट्या वरळीचं ५००. नाल्यांच्या तोंडाशी तरंगता कचरा अडवायला जाळ्या बसवल्यात. पण एवढं मोठं केंद्र साफ करणार ते त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी. जे चुकून, चोरून किंवा नाइलाजाने पावसाच्या गटारात शिरलं, ते थेट समुद्राला भेटतं.

तोवर माझ्या डोक्यात दोन वेगळे प्रॉब्लेम होते. पूर हा आईचा प्रॉब्लेम आणि घाण समुद्र हा बीच क्लीन-अपवाल्यांचा. लव्हग्रोव्हच्या पुलावर नाक दाबून उभी असताना कळलं, की गटार एकच आहे. जे त्याचा गळा दाबतं, तेच समुद्राला विष देतं.

पाऊणपट

ऑफिसातल्या मैत्रिणीची मावशी वरळी कोळीवाड्यात राहते. अकराच्या पुढे तिच्याकडे पोचले. एक जूनपासून मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढायची लगबग चाललेली. ओट्यावर जाळं पसरून मावशी त्यातलं प्लॅस्टिक वेचत होत्या. वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे.

‘२००६ ला पिशव्या बंद केल्या, २०१८ ला परत बंद केल्या,’ मावशी हसल्या. ‘जाळ्याला कुणी कळवलंच नाही बघ.’

समुद्र पायरीपर्यंत आला होता. सकाळी रे रोडला चिखल होता, तो हाच समुद्र यावर विश्वास बसेना. मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधायला लागले तर मावशींनी हात धरला. ‘कालनिर्णय हाय ना घरी? तिथीची पाऊणपट कर, बाय. जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती. थोडं मागं-पुढं. आज पौर्णिमा, म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट?’

‘सव्वाअकरा.’

‘मग बघ घड्याळ.’

अकरा चाळीस झाले होते आणि पाणी वरच्या पायरीला लागत होतं! पुढे त्यांनी सांगितलं ते असं: पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीला भांग, पाणी आळशी. उधाण आणि मोठा पाऊस एका वेळी आले की तुमच्या परळची खैर नाही.

मला २००५ आठवलं. बाबा कुर्ल्याला कामाला होते. त्या रात्री ते आले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी कमरेपर्यंत चिखलाचे कपडे घालून चालत आले. तेव्हा मी लहान होते, मला फक्त त्यांच्या हातातली एकच चप्पल आठवते. कोळीवाड्याच्या ओट्यावर मी बोटांवर मोजलं. २१ जुलैला गुरुपौर्णिमा. नंतरचा पाचवा दिवस. पाचाची पाऊणपट पावणेचार. त्या दिवशी ऐन पावसात चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या जवळपास भरती होती. मिठी नदीला समुद्राने दार लावून घेतलं होतं.

२६ मे २०२५ बघा. ७५ वर्षांत सगळ्यात लवकर मान्सून मुंबईत आला, वरळीच्या कोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. पुन्हा उधाण!

मी जाम खूश. मुंबईच्या पुराचा फण्डा मला एका ओट्यावर फुकटात मिळाला होता. वर तळलेली कोळंबीही.

आईचा काउंटर

संध्याकाळी आईकडे जाऊन मी पूर्ण प्रेझेंटेशन दिलं. बशी, दरवाजे, १८६ तोंडं, पाऊणपट. ओट्यावर बसून तिने सगळं ऐकलं. मग उठली, चष्मा लावला आणि चौकटीवरच्या सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं.

‘मग हे काय? त्या वर्षी गणपती बसलेले. चवथीला बसले, त्यानंतर चार दिवसांनी हे पाणी. म्हणजे तिथी कुठली?’

अष्टमी. भांगाचं पाणी. समुद्र आळशी होता, आणि तरीही सगळ्यात मोठी रेघ त्याच दिवसाची. २९ ऑगस्ट २०१७. त्याच दिवशी इथून जवळच एक ज्येष्ठ डॉक्टर पाण्यातून चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. आता मॅनहोलच्या झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवतात त्या त्यानंतर. त्या दिवशीचा पाऊस एवढा होता, की समुद्र अडवायला नसतानाही गटाराला तो पेलला नाही.

रात्री मी घरी जाऊन वाचत बसले, आणि एका आकड्यापाशी अडकले. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधली होती, आणि त्यातलं निम्मं पाणी जमीन पिऊन टाकेल असं धरलं होतं. निम्मं! तेव्हा वाड्या होत्या, मैदानं होती, अंगणं मातीची होती. ब्रिमस्टोवॅडनंतर नवी कामं तासाला ५० मिलिमीटरच्या हिशेबाने होतात. आणि जमीन किती पिणार? शून्य. थेंबभरसुद्धा धरलेलं नाही. मुंबईची माती पाणी पिते, हे गृहीत धरणंच इंजिनीअरांनी सोडून दिलंय.

लॅपटॉप बंद करून मी गॅलरीत गेले. नऊ मजले खाली आमच्या सोसायटीचं कम्पाउंड. वीस महिन्यांपूर्वी तिथे मातीचा पट्टा होता, दोन नारळ आणि एक वेडीवाकडी चिंच. चिखल होतो, गाड्या घसरतात, डास होतात म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला. सगळीकडे पेव्हर ब्लॉक, खाली काँक्रीट. हात वर करणाऱ्यांत मी होते. बेसमेंटमध्ये पाणी साठू नये म्हणून पंप बसवला, तो पाणी सोडतो गेटबाहेरच्या रस्त्यावर. रस्ता उतरतो. कुठे उतरतो, ते मी सकाळी पाचलाच बघून आले होते.

दुसऱ्या दिवशी आईला हे सांगितलं. फोनवर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे तुझं पाणी माझ्याकडे येतं म्हण की.’

रागाने नाही, अगदी साधेपणी. ‘पोरगी आली नाही तर तिचं पाणी तरी येतं’ असंही पुढे म्हणाली आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही.

मग खोलीचं काय?

एजंटला आईने स्वतः फोन केला. ‘या वर्षी नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.’ मी वाद घातला नाही. कोरडी डोंबिवली वाईट नाही, पण आई गेली तर त्या खोलीत दुसरं कुणीतरी येणार आणि पेन्सिल त्यांच्या हातात जाणार, पाणी तेच. आमच्यात एक करार मात्र झाला. आईने कालनिर्णय उतरवलं आणि जून ते सप्टेंबरच्या प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येच्या आजूबाजूचे दिवस लाल पेनने गोल केले. त्या दिवसांत मोठ्या पावसाचा इशारा आला, की तिने पिशवी भरून थेट नवव्या मजल्यावर यायचं. बाकीच्या दिवसांचं काय, म्हणजे भांगाच्या दिवशी २०१७ सारखा पाऊस आला तर? त्याला उत्तर नाही. फ्रिज विटांवरच आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. सगळे पेव्हर ब्लॉक काढा म्हटल्यावर लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांची पार्किंगच मागतेय. दीड तास वादावादी झाली. शेवटी मिळालं काय, तर मागच्या भिंतीलगतचा दहा फूट रुंदीचा पट्टा. तिथलं काँक्रीट फोडून शोषखड्डा करायचा आणि गच्चीचं पाणी तिकडे वळवायचं. गेटवर गाड्या धुणं बंद, तेही ‘ट्राय करून बघू’ या अटीवर. एका काकांनी विचारलं, ‘एका पट्ट्याने हिंदमाता बुडायचं थांबणार आहे का?’ नाही थांबणार, काका. पण तेवढ्या पट्ट्यावरचं पाणी तरी माझ्या आईच्या दारात जाणार नाही.

पहिला पाऊस पडला तेव्हा ऑफिसातून येताना मी गाडीतून हिंदमाताला उतरले. वरच्या रस्त्याने नाही, खालून चालत गेले. जाळीवर एक दुधाची पिशवी चिकटली होती आणि पाणी तिच्याभोवती गोल फिरत होतं. मी ती उचलली. पाणी गडगडत खाली गेलं.

कुठे गेलं, ते आता मला माहीत आहे.

जायचंच असेल तर…

कधी: जूनआधी, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दिवशी. पहाटे ओहोटी आणि दुपारी भरती, दोन्ही एका दिवसात दिसतात. पावसाळ्यात ही भटकंती अजिबात नको. साठलेल्या पाण्यात मॅनहोल दिसत नाही.

कसं: हिंदमाताला दादर किंवा परळ स्टेशनवरून चालत. रे रोडला हार्बर लाइन. तिथून वरळीला टॅक्सी.

काय बघाल: हिंदमाताचे उतार, रे रोडचा खाडीकिनारा, लव्हग्रोव्हचा नाला, वरळी कोळीवाड्याच्या पायऱ्या. पम्पिंग स्टेशनांत प्रवेश नाही, बाहेरूनच.

सोबत काय: जुने बूट, पाण्याची बाटली (परत घरी आणायची!), रुमाल नाकासाठी. आणि तिथीचं कॅलेंडर.